डोंगर वाकला, की वाकडाच जन्मला?

मागच्या अंकात हिमालयाबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की नकाशात जे डोंगर धनुष्यासारखे वाकलेले दिसतात ते जन्मतःच तसे होते की नंतर दाबाखाली वाकले, हे त्यांच्यातल्या दगडांच्या जुन्या चुंबकत्वावरून ओळखता येतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी आखूड केलीत, बाकी जशी आली तशी आहेत.

प्रश्न : सर, दगडाला दिशा लक्षात राहते असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे नेमकं काय होतं? मी सातवीच्या मुलांना भूगोल शिकवते, त्यांना सांगता येईल असं सांगाल का?
— एक शिक्षिका, मनीषनगर

उत्तर : ताई, आपल्याकडचा काळा दगड घ्या, म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या पोटात लोखंडाच्या खनिजांचे बारीक बारीक कण असतात, त्यातलं मुख्य मॅग्नेटाइट. हा दगड लाव्हा होऊन बाहेर पडला तेव्हा हजार-अकराशे अंशांवर तापलेला होता, आणि तेवढ्या उष्णतेत मॅग्नेटाइटला चुंबकपणा टिकवताच येत नाही. तुमच्या शाळेचं मैदान मधल्या सुट्टीत आठवा, कुणाचं तोंड कुठे तर कुणाचं कुठे, आणि प्रार्थनेची घंटा झाली की सगळी पोरं जागच्या जागी एका दिशेला वळून उभी. मॅग्नेटाइटसाठी ही घंटा ५८० अंश सेल्सिअसला वाजते. दगड त्याच्या खाली थंड झाला की कणांमधला चुंबकपणा पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राकडे तोंड करतो आणि आणखी थंड होताना तसाच गोठतो. कण जागचा हलत नाही हं, त्याच्यातली चुंबकाची दिशा वळते, हे मुलांना नक्की सांगा कारण इथे मोठ्यांचाही गोंधळ होतो. त्यानंतर बाहेर पृथ्वीचं क्षेत्र बदलो, उलटं होवो, म्हणजे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होवो, हा दगड आपली दिशा धरून बसतो, कोट्यवधी वर्षं.

गाळाच्या दगडांचं थोडं वेगळं असतं, तिथे तळ्यात किंवा समुद्रात खाली बसणारे कणच सुईसारखे वळून बसतात, आणि लाल वालुकाश्मात हेमॅटाइट असतं ज्याची घंटा ६७५ अंशांच्या आसपास वाजते.

आता दिशा म्हटलं की आपल्याला फक्त उत्तर-दक्षिण आठवते, पण दगडातल्या बाणाला दोन कोन असतात. एक, तो खऱ्या उत्तरेपासून किती डावीउजवीकडे आहे, याला डेक्लिनेशन म्हणतात. दुसरा, तो जमिनीत किती खाली किंवा किती वर तोंड करून आहे, ते इन्क्लिनेशन. विषुववृत्तावर बाण आडवा असतो, ध्रुवावर सरळ उभा, आणि मधे अक्षांशानुसार वाढत जातो, त्याचं सूत्रही साधं आहे, इन्क्लिनेशनचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. नागपूर २१ अंशांवर आहे म्हणून या हिशोबाने इथे बाण ३८ अंशांच्या आसपास खाली झुकलेला हवा. वर्गात एखादी हुशार मुलगी असेल तर तिला हे गणित करायला द्या, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

पण आपला दख्खनचा दगड मोजला तर तसं काही निघत नाही, आणि मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, अचूक सांगायचं तर ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. त्याचे पुष्कळसे थर क्षेत्र उलटं असतानाच्या काळात ओतले गेले म्हणून त्यांचा बाण दक्षिणेकडे आहे, जरासा पूर्वेला कललेला, आणि ४५ ते ५० अंश खाली घुसलेला. उलटेपणा काढून टाकला की हिशोब असा येतो की तेव्हा आपलं नागपूर विषुववृत्ताच्या दक्षिणेला २८-३० अंशांवर होतं. तिथून इथवर पन्नास अंशांचा प्रवास, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. आणि त्या डेक्लिनेशनवरून दिसतं की नुसते सरकलो नाही तर अख्खा भारत वीस-पंचवीस अंश डावीकडे, घड्याळाच्या काट्याच्या उलट, फिरलाही. बर्डीवर भाजी घेताना आपण ज्या जमिनीवर उभे असतो तीच ही जमीन.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एडवर्ड अर्विंग नावाच्या तरुणाने इंग्लंडमध्ये बसून दख्खनचे दगड मोजले आणि भारत सरकल्याचा पुरावा काढला, १९५४ मध्ये त्याचा पीएचडीचा प्रबंध मात्र मंजूर झाला नाही. १९५६ साली क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स या तिघांनी दख्खनच्या दगडांवर काम छापलं, त्यांच्यामागे नोबेल मिळालेले ब्लॅकेट होते, आणि मग आपल्याकडे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्येही सहस्रबुद्धे वगैरे मंडळींनी हे काम पुढे नेलं. खंडं सरकतात हे जगाला पटायच्या आधी त्याची साक्ष आपल्या काळ्या दगडाने दिली होती. सातवीच्या मुलांना हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सर, डोंगरातल्या दगडाचा बाण फिरलेला सापडला तर डोंगरच फिरला हे कशावरून? चुंबकीय ध्रुवच तेव्हा दुसरीकडे असेल, किंवा अख्खी प्लेट फिरली असेल. मग डोंगर वाकला हे कसं म्हणता?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : बेटा, तुझी शंका अगदी बरोबर आहे आणि हाच या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ध्रुवाचं. चुंबकीय ध्रुव भटकतो हे खरंय, पण तो खऱ्या ध्रुवाच्या भोवतीच भटकतो, आणि हजारो वर्षांची सरासरी काढली की ती पृथ्वीच्या आसावर येऊन बसते. म्हणून लाव्हाचा एकच थर मोजून कधीच भागत नाही. एक थर म्हणजे एका क्षणाचा फोटो. एकाच्या वर एक असे बरेच थर घ्यायचे, प्रत्येकातून सहा-आठ सॅम्पल, आणि सगळ्यांची सरासरी. ही सरासरी साध्या सरासरीसारखी नसते कारण दिशा गोलावर पसरलेल्या असतात, त्यासाठी रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये खास गणित मांडलं, ते आजही जसंच्या तसं वापरतात. तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला जो फिशर असतो तोच हा.

आता प्लेटचं, म्हणजे खंड ज्यावर बसलेलं असतं त्या जमिनीच्या प्रचंड तुकड्याचं. समज आपण सगळे एका गाडीत बसून वर्ध्याला चाललोय. गाडी वळली की सगळेच वळतात. पण एखाद्याने सीटवर बसल्या बसल्या पाठ फिरवली, तर ते कसं ओळखशील? शेजारच्यांशी ताडून. तसंच इथे. डोंगरपट्ट्यातला बाण एकट्याने वाचायचा नाही, त्याच प्लेटच्या आतल्या शांत भागातल्या, जिथे घड्या पडल्या नाहीत, तिथल्या त्याच वयाच्या दगडाशी त्याची तुलना करायची. शांत भागावरून अपेक्षित डेक्लिनेशन काढायचं, डोंगरात मोजलेल्यातून ते वजा करायचं, जे उरेल तेवढा डोंगर स्वतः उभ्या आसाभोवती फिरला. उजवीकडे असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. म्हणजे प्लेटचं फिरणं आपोआप गळून पडतं, ते दोन्हीकडे सारखंच असतं.

अमेरिकेत ओरेगॉनच्या किनारी डोंगरात अ‍ॅलन कॉक्सने १९५७ मध्ये इओसीन काळातले, म्हणजे साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचे, बेसॉल्ट मोजले तर बाण उत्तरेऐवजी पार पूर्वेकडे वळलेले, खंडाच्या आतल्या दगडांशी जुळेचनात. तो तुकडा उजवीकडे फिरलाय हे पुढे पक्कं झालं, आणि आता जीपीएस लावून मोजतात तर तिथली जमीन अजूनही साधारण दहा लाख वर्षांत एक अंश या गतीने त्याच बाजूला फिरतेय. पाच कोटी वर्षांचा दगड आणि आजचा उपग्रह एकच गोष्ट सांगतात. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

पण तू विचारलंस वाकण्याचं. एखादा तुकडा फिरणं वेगळं आणि अख्खी रांग वाकणं वेगळं. यासाठी घरी एक प्रयोग कर. उन्हात बांधायचा जुना सुती दुपट्टा घे, आपल्याकडे प्रत्येक घरात असतोच. फरशीवर लांब सरळ अंथर आणि स्केचपेनने त्यावर हातभर अंतरावर बाण काढ, सगळे बाण खिडकीकडे. आता दुपट्ट्याची दोन्ही टोकं धरून त्याची कमान कर. बाण पाहा, मधला खिडकीकडेच आहे, डाव्या टोकाचे एकीकडे वळलेत आणि उजव्या टोकाचे दुसरीकडे, पंख्यासारखे पसरलेत. आता दुपट्टा उलटा कर, आधीच कमानीसारखा अंथर, आणि मग बाण काढ सगळे खिडकीकडे. कमान तशीच, पण बाण सगळे एकमेकांना समांतर. म्हणजे नुसती कमान बघून काही कळत नाही, बाण पाहिल्यावर कळतं की आधी सरळ होता की आधीच वाकडा.

भूशास्त्रात हीच परीक्षा लावतात. डोंगराची रांग जागोजाग कुठल्या दिशेला धावते ते एका अक्षावर, आणि तिथल्या दगडांचं डेक्लिनेशन दुसऱ्या अक्षावर. रेघेचा उतार एक आला, म्हणजे रांग जेवढी वळली तेवढाच बाण वळला, तर डोंगर सरळ होता आणि नंतर वाकला. उतार शून्य आला तर तो वाकडाच जन्मला. मधे आला तर थोडा आधीचा वाक आणि थोडा नंतरचा, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डोंगर या मधल्या गटातच सापडतात. नंतर वाकलेल्या रांगेला ओरोक्लाइन म्हणतात, हा शब्द टास्मानियात काम करणाऱ्या सॅम्युएल वॉरन केरीने १९५५ मध्ये दिला. केरीची पृथ्वी फुगत चालली आहे ही समजूत चुकीची ठरली, पण डोंगर सरळचे वाकडे होतात हे त्याचं म्हणणं टिकलं. त्याने असंही म्हटलं होतं की स्पेन फ्रान्सपासून फिरून दूर झाला आणि त्या फटीत बिस्केचा उपसागर तयार झाला. पुढे दगड मोजले गेले आणि स्पेन खरंच पस्तीस अंशांच्या आसपास डावीकडे फिरलेला निघाला.

सरळचा वाकडा झाला याचं सगळ्यात सुंदर उदाहरणही स्पेनमध्येच आहे, उत्तरेला कँटाब्रियन डोंगरात. तिथली रांग घोड्याच्या नालीसारखी वळलेली आहे. तिथल्या चुनखडीत चुंबकत्वाचे एकावर एक ठसे सापडतात, वेगवेगळ्या वेळी बसलेले, आणि ते रांगेच्या वळणाबरोबर जवळजवळ तेवढेच वळतात. पण त्यानंतरचे, पर्मियन काळाच्या सुरुवातीचे दगड घेतले तर त्यांना हे वळण नाही. म्हणजे वाकण्याचं काम तीस कोटी वर्षांच्या आसपास, भूशास्त्राच्या हिशोबाने थोड्याच काळात, आटोपलं. डोंगर वाकला हे तर कळलंच, कधी वाकला हेसुद्धा कळलं.

दक्षिण अमेरिकेत अँडीज चिली-पेरूच्या सीमेवर अरिकापाशी कोपरासारखा वळतो. तिथे पेरूकडचे बाण डावीकडे फिरलेले, चिलीकडचे उजवीकडे, बरोबर तुझ्या दुपट्ट्यासारखे. पण तिथे एक गोम आहे. सगळंच फिरणं त्या मोठ्या वाकण्याचं नाही, भेगांच्या मधे अडकलेले लहान लहान तुकडेही गोट्यांसारखे आपापले फिरलेत, त्यामुळे दोन जवळच्या जागांचे आकडे कधी कधी अजिबात जुळत नाहीत. जो माणूस दोन-चार ठिकाणांचे आकडे घेऊन अख्खा डोंगर वाकला म्हणतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, पत्रात स्पष्ट लिहितो.

आणखी दोन ठिकाणी फसायला होतं. दगडाचा थर कललेला असतो, तो मनात परत आडवा करूनच बाण वाचावा लागतो. पण घडीचा आसच जमिनीत तिरपा गेलेला असेल आणि तुम्ही साध्या पद्धतीने थर आडवा केलात, तर काही फिरलं नसताना फिरल्यासारखं दिसतं, नुसती भूमिती चुकल्यामुळे. दुसरं म्हणजे दगडातली आठवण शुद्ध नसते. महाल भागातल्या जुन्या वाड्याची भिंत खरवडून पाहिली आहेस का, वर डिस्टेंपर, खाली निळा चुना, त्याखाली पांढरा चुना आणि सगळ्यात खाली गेरू? दगडातही असेच थर असतात, आजच्या क्षेत्राचा हलका ठसा सगळ्यात वर. तो काढायला चुंबकीय क्षेत्र शून्य केलेल्या ओव्हनमध्ये सॅम्पल तापवतात, आधी शंभर अंश, थंड करून मोजायचं, मग दोनशे, मग तीनशे, असं करत करत ५८० पर्यंत. कच्चे ठसे आधी जातात, पक्का शेवटपर्यंत राहतो. तो पक्का ठसा घडी पडायच्या आधीचा आहे का हे बघायला ग्रॅहमने १९४९ मध्ये सांगितलेली घडीची परीक्षा असते, घडीच्या दोन्ही बाजूंचे बाण थर आडवे केल्यावर एकत्र आले तर ठसा घडीआधीचा, विस्कटले तर नंतरचा. ह्या सगळ्यातून पार पडलेल्या बाणालाच फिरण्याबद्दल बोलायचा हक्क.

प्रश्न : मॅग्नेटिक हिलवर गाडी बंद करून ठेवली तरी आपोआप चढावर जाते, आम्ही लडाखला स्वतः पाहिलं. हा पण त्या दगडातल्या चुंबकाचाच परिणाम ना?
— एक कुटुंब, प्रतापनगर

उत्तर : नाही. लेहच्या रस्त्यावरची ती जागा म्हणजे डोळ्यांची फसगत आहे, आजूबाजूच्या उतारांमुळे रस्ता चढावर वाटतो पण तो उतारच असतो, गाडी खालीच जाते. दगडातलं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की ते मोजायला लॅबमध्ये खास मॅग्नेटोमीटर लागतो आणि बाहेरचं क्षेत्र अडवणारी खोली लागते. गाडी ओढण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : मागच्या अंकातल्या वाक्यावरून विचारतो, मग हिमालयाचं काय? तो नंतर वाकला की वाकडाच होता? स्पष्ट उत्तर द्यावे.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

उत्तर : काका, स्पष्ट उत्तर देतो पण ते एका शब्दात मावणारं नाही.

हिमालयाची कमान इतकी नीट आहे की मधल्या भागाला सुमारे १,७०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ चपखल बसतं. पश्चिमेला नंगा पर्बत आणि पूर्वेला नामचा बरवा इथे ती एकदम काटकोनासारखी मुडपते. एवढी सुबक कमान बघून १९८५ मध्ये क्लूटविक आणि सहकाऱ्यांनी दगडांच्या चुंबकत्वाच्या आधारे मांडलं की हा वाक पुष्कळसा नंतर आलेला आहे. आणि इथे तुम्हाला आवडेल अशी गोष्ट, हिमालयातले बाण ज्या शांत भागाशी ताडून पाहायचे त्यात आपल्या दख्खनच्या दगडाचा मोठा वाटा आहे. वर सांगितलेला वीस-पंचवीस अंशांचा भारताचा वळसा आधी वजा केला नाही तर हिमालयाचं गणित सुरूच होत नाही. दूर तिकडच्या बर्फातल्या डोंगराला मोजायची पट्टी आपल्या काळ्या दगडाची आहे.

अडचण वेगळीच आहे. हिमालय तयार होताना इतका दाबला आणि तापला गेला की पुष्कळ ठिकाणी दगडाची पहिली आठवण पुसली गेली. नेपाळ-तिबेटकडच्या चुनखडीत पिऱ्होटाइट नावाचं खनिज नंतर तयार झालं, त्याची घंटा ३२० अंशांच्या आसपासच वाजते, त्यामुळे त्यातला बाण समुद्रात चुनखडी बसली तेव्हाचा नसून डोंगर उठल्यानंतर थंड होतानाचा असतो. हा बाण खोटा नाही, पण तो उशिरा सुरू झालेल्या गोष्टीचा साक्षीदार आहे, त्याला सुरुवातीबद्दल विचारून उपयोग नाही. टोकांकडे चित्र जास्त ठळक आहे. पश्चिमेला पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरचे शिवालिक थर डावीकडे फिरलेले मिळतात. पूर्वेच्या टोकाला वळसा घालून युन्नान आणि इंडोचायनाकडे गेलात तर तिथले तुकडे उजवीकडे, काही जागी फार मोठ्या कोनातून फिरलेत, कारण भारत आत घुसला तसा तिकडचा भाग त्याच्या कोपऱ्याभोवती ढकलला गेला.

तर माझं मत असं, की टोकांचं फिरणं निर्विवाद आहे, मधल्या भागाची कमान किती मुळातली आणि किती नंतरची हे अजून जागोजाग मोजूनच ठरेल, आणि अख्ख्या हिमालयाला एकच उतार लावणारं उत्तर कुणी दिलं तर ते घाईचं समजा. तुम्ही स्पष्ट मागितलंत म्हणून स्पष्ट लिहिलं.

प्रश्न : भाऊ, आमच्या इकडच्या डोंगराईचं बी सांगा न. सातपुडा फिरला का? अन मी सीताबर्डीच्या टेकडीचा नाहीतं रामटेकचा दगड आणून देल्ला तं तुम्ही सांगू शकान का, का नुसतं होकायंत्र ठेवून बी जमते? आमच्या वावराजोळ गिट्टीची खदान बी हाय.
— एक शेतकरी वाचक, कामठी तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही चांगले आहेत.

सातपुड्याचं आधी. नर्मदेच्या दोन्ही अंगांना दख्खनचे थर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ते जवळजवळ आडवेच पडलेत. त्यांचे बाण पुण्याकडच्या घाटातल्या बाणांशी जुळतात. याचा अर्थ गेल्या साडेसहा कोटी वर्षांत सातपुडा भारतापासून वेगळा होऊन असा काही फिरलेला नाही, जे काही फिरला ते आपल्या सगळ्यांबरोबर. फिरला नाही हेही उत्तरच आहे, आणि ते मोजल्याशिवाय मिळालं नसतं.

रामटेकचे दगड दख्खनपेक्षा फारच जुने, मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी ज्या दगडांत आहेत त्याच कुळातले. जमिनीच्या पोटात जाऊन ते असे शेकले गेलेत की जन्माच्या वेळचा बाण त्यांच्यात राहण्याची आशा धरू नये. नंतर थंड होतानाचा ठसा मिळू शकतो, पण त्यावरून डोंगर कुठे वळला हे सांगणं फार जोखमीचं.

सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टचीच आहे. पण एक तर किल्ला लष्कराकडे आहे, तिथला दगड असा काढता येत नाही. आणि दुसरं, मी टेकडीच्या माथ्यावरचा दगड कधीच घेत नाही. उंच उघड्या माथ्यावर वीज पडते, आणि वीज पडली की त्या जागेभोवती क्षणभर इतकं जबर क्षेत्र तयार होतं की दगडाची जुनी आठवण झाकली जाते. मी उमेदीच्या काळात छिंदवाड्याच्या वाटेवरच्या एका उघड्या माथ्यावर दोन दिवस ड्रिल केलं होतं, मे महिना, अंगाची लाही लाही, ड्रिल थंड ठेवायला पाण्याचे कॅन खांद्यावर वाहून नेलेले. लॅबमध्ये मोजलं तर बाण चारी दिशांना आणि चुंबकत्व नेहमीच्या कितीतरी पट. सगळी सॅम्पलं बाद. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, अजूनही त्या रस्त्याने जाताना ती टेकडी दिसली की आठवतं. नंतर एक सवय लावून घेतली, दगडाच्या पृष्ठभागावरून होकायंत्र हळूहळू फिरवायचं, वीतभर अंतरात सुई वेडीवाकडी फिरायला लागली तर तिथे वीज पडलीय असं समजून पुढे जायचं. म्हणजे तुमचं होकायंत्र कामाचं आहे, पण जागा नाकारायला. दगडाच्या आतला बाण त्याने वाचता येत नाही.

उलट काळ्या दगडावर होकायंत्र ठेवून दिशा घ्यायचीच असेल तर जपून, कारण दगडच सुईला ओढतो. म्हणून आम्ही उन्हावर दिशा घेतो. सपाट चकतीवर बारीक सळई उभी करायची, सावली कुठे पडली तो कोन आणि घड्याळातली वेळ लिहायची, मग ठिकाण माहीत असलं की सूर्य तेव्हा नेमका कुठल्या दिशेला होता हे गणिताने निघतं. नागपूरला उन्हाची कमी नाही, पण मे अखेरीला दुपारी बाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावलीच पडत नाही, त्यामुळे हे काम सकाळी नऊच्या आत उरकायचं.

आता तुमची गिट्टीची खदान, हे मला सगळ्यात आवडलं. खदान म्हणजे आतला ताजा दगड, विजेपासून लांब. पण तुम्ही उचलून आणलेला दगड मला निरुपयोगी आहे, भाऊ, राग मानू नका. दगड जागेवर घट्ट बसलेला असतानाच त्याच्यावर खूण करावी लागते, उत्तर कुठे आणि वर कुठे, म्हणजे ड्रिलने अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी कोरायची, ती दगडाला धरून असतानाच तिच्यावर पितळी नळी बसवून तिचा कल मोजायचा, आणि मगच ती काढायची. पितळी अशासाठी की लोखंडाची नळी मापच बिघडवेल. एकदा सुटलेला दगड कुठल्या तोंडाने बसला होता हे तो सांगू शकत नाही. सुरुंगाने सैल झालेला कडाही चालत नाही, तो हातभर जरी सरकला असला तरी बाण गेला.

त्यापेक्षा एक करा. खदानीच्या उभ्या भिंतीकडे नीट पाहा, दोन काळ्या थरांच्या मधे विटेसारखा लाल मातीचा पट्टा दिसतो का. दिसला तर मोठीच गोष्ट आहे. ती जुन्या लाव्हावर तयार झालेली माती, आणि तिच्यावर नवा लाव्हा आला तेव्हा ती भट्टीतल्या विटेसारखी भाजली. भाजलेल्या मातीतला बाण आणि तिच्या वरच्या लाव्हातला बाण एकच आले, आणि खालच्या जुन्या लाव्हाचा जरा वेगळा आला, तर समजायचं की आपण वाचतोय ती आठवण खरी आहे, मागून चिकटलेली नाही. तर तो पट्टा आहे का, किती जाड आहे, आडवा आहे की एका बाजूला उतरलाय, आणि भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे एवढं लिहून पाठवा, फोटो काढलात तर शेजारी हातोडा नाहीतर पाण्याची बाटली ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येईल. खदान चालू असेल तर मुकादमाला विचारूनच आत जा, आणि सुरुंगाच्या वेळेला तिकडे फिरकू नका.